आबा, कुंड्या मी फेकल्या नाहीत

आबा, तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले आणि तुमचं शेवटचं सांगणं मी मोडलेलं आहे. हॉस्पिटलच्या खाटेवर, नाकात नळी असताना, तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "सूनबाई, त्या कुंड्या रिकाम्या कर. कांदं टाकून दे कुठंतरी. पाव्हण्याचं सामान मागं ठेवू न्हाई." मी मान हलवली. आजारी माणसापुढे हलवतात तशी हलवली, एवढंच. कुंड्या आहेत तिथेच आहेत. सातच्या सात, घराच्या उत्तरेच्या बोळात, गळ्यापर्यंत वाळूत पुरलेल्या.

कुंड्यांचं सोडा, तो "पाव्हणा" मला फार लागला. साडेपाच वर्षं माझ्या घरात राहून, माझ्या हातचं जेवून, माझ्याशी कडाकडा भांडून, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन रानडुकरांच्या गोष्टी सांगून, शेवटी तुम्ही कोण, तर पाहुणा? मला तेव्हाच वाद घालायचा होता. तेवढ्यात नर्स आली आणि तिने सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणून आता घालते. तुम्हाला उत्तर देता येणार नाही हे मला माहीत आहे. पण तसं तुम्ही जिवंतपणी तरी कुठे देत होता? ऐकून घ्यायचं, उपरण्याने तोंड पुसायचं आणि बोळात निघून जायचं.

तुम्ही आलात तो एक्याऐंशीचा ऑक्टोबर होता. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या होत्या आणि थोरल्या मुलाने, म्हणजे ह्यांनी, पत्रावर पत्र लिहून तुम्हाला कोयनेच्या वरच्या त्या गावातून इथे जयपूरला बोलावलं होतं. जवाहर नगरातलं आमचं भाड्याचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्या वर्षीच्या पुराने सगळ्या वस्तीत वाळू आणून टाकली होती, ती अजून कोपऱ्याकोपऱ्याला पडून होती. तुम्ही दारात उभे राहून आधी वाळूकडे पाहिलंत, मग आभाळाकडे, आणि म्हणालात, "लई उजेड हाय रं इथं." जन्मभर जंगलखात्यात गार्ड म्हणून झाडांच्या सावलीत फिरलेल्या माणसाचं जयपूरबद्दलचं हे पहिलं मत. मी मनात म्हटलं, झालं, आता हे आठ दिवसांत परत जाणार.

पिशवीतून चिवड्याच्या डब्यामागून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. मक्याच्या कणसासारखं, पण लालभडक, दाणे टपोरे. मिनू तेव्हा तीन वर्षांची. तिने हात घातला आणि तुम्ही तिच्या हातावर फाडकन चापट मारलीत. तुम्ही तिला मारलंत ते त्या एकदाच. पोर रडायला लागली आणि मी विचारलं, "आहे तरी काय हे?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सापकांद्याचं बी. तोंडात घालू नगं म्हणावं, जीभ सुजतीया."

आपलं पहिलं भांडण घरात पाय ठेवल्यापासून अर्ध्या तासात झालं. मी विचारलं, घरात लहान मूल आहे हे ठाऊक असून तुम्ही विष घेऊन आलात? तुम्ही म्हणालात, "ह्या इषातच लहानाचा मोठा झालो मी." मी म्हटलं, हे नागाच्या फडीसारखं रानातलं फूल, याला दाट झाडांची सावली लागते, ओल लागते, हे इथल्या वाळूत कसं येणार? मी वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी., मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई. तुम्ही चौथी पास. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "सावलीचं झाड हाय खरं. उन्हाच्या गावात जगतंय का बघू." तेव्हा मला वाटलं तुम्ही झाडाबद्दलच बोलताय.

बी साफ करायला दुसऱ्या दिवशी सकाळी बसलात. लाल गर धुऊन काढल्याशिवाय बी पेरायचं नाही, गर राहिला तर ते रुजतच नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोळलंत. मलाही वाटी पुढे केलीत. मी कशाला लावते? शाळेत बेडूक कापणारी मी. उघड्या हातांनी बसले आणि पाव तासात बोटांना अशी आग सुटली की उभी राहून नाचायची बाकी. तुम्ही हसला नाहीत. चिंच कोळून आणलीत, माझे दोन्ही हात त्या वाटीत बुडवून धरलेत आणि म्हणालात, "अळूचंच भावंड हाय हे. अळूला काय करतीस, चिंच घालतीस ना?" सासऱ्याने सुनेचे हात असे धरायची आपल्याकडे रीत नाही. तुम्हाला ते सुचलंही नाही. आबा, माझे वडील मी लहान असताना गेले. त्या वाटीत हात असताना मला ते एकदम आठवलं होतं, आणि मी तुम्हाला ते कधी सांगितलं नाही.

स्वयंपाकघराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला उत्तरेचा बोळ मी अडगळीसाठी ठेवला होता. तिथे वर्षभर ऊन येत नाही. तुम्ही दोन दिवसांत तो रिकामा केलात आणि पुराची वाळू घमेल्याने आणून तिथे टाकलीत. माती मात्र तुम्हाला इथली चालेना. बसने आमेरला गेलात, डोंगराच्या घळीत झाडांखाली कुजलेला पाला शोधलात आणि पोतं भरून घेऊन आलात. कंडक्टरने पोत्याचं तिकीट मागितलं तर तुम्ही त्याला ऐकवलंत, "भैया, ये खाने का माल नहीं है. झाड का अंथरूण है." तो काही समजला नाही, पण त्याने तिकीट फाडलं नाही. हा किस्सा तुम्ही मला किमान वीस वेळा सांगितलात.

पुढच्या जूनमध्ये पाणी घालायला लागलात आणि पंधरा दिवसांत एकेका बियाला एकेक पान आलं. एकच. फूल नाही, दुसरं पान नाही. सप्टेंबरमध्ये तेही पिवळं पडून विरून गेलं. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही गावी गेलात, धाकट्या मुलाकडे, दोन महिन्यांसाठी. आणि मग मी ते केलं.

मी मेथी पेरली. जयपूरच्या बाजारात थंडीत मेथीचे ढीग लागतात, माणूस घेऊन घेऊन दमतो, तरी मी घरात मेथी पेरली. कारण रिकामी माती माझ्याने बघवत नव्हती. सात कुंड्या भरून उत्तम काळी माती आणि वर काही नाही. सून म्हणून माझी समजूत अशी, की म्हाताऱ्याचं झाड मेलं, त्याला वाईट वाटेल, आल्यावर काहीतरी हिरवं दिसू दे. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. महिन्याभरात मेथी तयार झाली, ती तुम्ही येईपर्यंत थोडी थोडी मुळासकट उपटत राहिले. मुळांना हरभऱ्याएवढे पांढुरके गोळे चिकटून आले होते. मी ते झटकून कचऱ्यात टाकले. आबा, वनस्पतिशास्त्राच्या बाईने कंद हातात घेऊन कचऱ्यात टाकले.

तुम्ही जानेवारीत आलात. पहिल्याच जेवणाला मी मेथीची भाजी वाढली, भाकरी वाढली. तुम्ही दोन घास खाल्लेत.

"भाजी चांगली झालीया. कुठली?"

"तुमच्याच कुंड्यांतली," मी मोठ्या कौतुकाने म्हटलं.

तुम्ही तसेच उठलात, उष्ट्या हाताने. बोळात जाऊन बसलात. मी मागे आले तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगात बोटं घालून चाळत होता. बरेच सुकले होते, काही पाण्याने कुजले होते. जगतील असे चौदा निघाले. तुम्ही ते धोतराच्या सोग्यात घेतलेत आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "निजलं व्हतं ते. मेलं न्हवतं."

नऊ दिवस आपण बोललो नाही. ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली, मिनूला निरोप द्यायला लावले. मी अडून होते, की तुम्ही जाताना सांगितलं का नाही? तुमचं म्हणणं, की मी विचारलं का नाही? हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. गेल्या वर्षीसुद्धा पिठल्यात मीठ जास्त पडलं त्यावरून सुरू होऊन आपण मेथीपर्यंत पोहोचलो होतो. आणि मी अजूनही म्हणते, आबा, चूक अर्धी तुमची होती. दोन महिने जाणाऱ्या माणसाने एक वाक्य बोलून जावं. माणसाला काय, झाडाला काय, निजताना मी निजतोय म्हणून सांगता येत नाही, म्हणून तर घरातल्यांनी सांगायचं असतं.

त्यानंतर मात्र तुम्ही मला सगळं शिकवलंत. दिवाळीनंतर कुंडीत पाण्याचा थेंब घालायचा नाही. मे महिन्यात बाहेर आग ओकत असली तरी कुंडीत नाही, भोवतीच्या वाळूत पाणी घालायचं, म्हणजे कांदा गार राहतो पण भिजत नाही. बोळाच्या दोन्ही तोंडांना कूलरच्या जुन्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावायच्या. माथुर आंटी भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "बाबूजी, खाली गमलों की इतनी सेवा?" आणि तुम्ही तुमच्या हिंदीत सांगायचा, "खाली नहीं है बहेनजी. अंदर आदमी सोया है." त्या बिचाऱ्या तीन दिवस बोळाकडे फिरकल्या नाहीत.

आणि ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आठवतात? मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही त्यांना मोठ्या आशेने विचारलंत, हे इथे फुलेल का. त्यांनी तापमान सांगितलं, हवेतली आर्द्रता सांगितली, आणि शेवटी सांगितलं की सह्याद्रीतलं हे झाड जयपुरात फुलणं शक्य नाही, त्यापेक्षा कुंड्यांत गुलाब लावा. मी तुमच्या शेजारी उभी होते आणि खरं सांगते, मला ते पटलं होतं. तुम्ही हात जोडून त्यांचं सगळं ऐकून घेतलंत. घरी येताना रिक्षात म्हणालात, "सायबाचं बरोबर आसंल. पर कांद्याला कुठं ठावं हाय?"

तुमच्याबद्दल मला राग होता तसा खूप काही चांगलंही होतं, आणि तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर नुसती भांडकुदळ सून राहून जाईल. मिनू शाळेत जायला लागली तेव्हा घरात विषय निघाला, की मी नोकरी सोडावी. विषय ह्यांनीच काढला होता. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "ती शाळंत जाईल. पोरगीला मी बघतो." संपला विषय. त्या दिवसापासून दुपारी दीड वाजता मिनूला बसवरून आणणं, तिला गरम वरणभात घालणं आणि तिच्या हिंदी मिसळलेल्या मराठीला वैतागणं हे सगळं तुम्ही केलंत. मी आज शाळेत सिनियर शिक्षिका आहे ती तुमच्या त्या एका वाक्यामुळे. तुम्हाला मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. घरातल्या माणसाला कोण धन्यवाद म्हणतं? बघा, मी तर तुम्हाला घरातलंच समजत होते.

गेल्या पावसाळ्यात, पाचव्या वर्षी, तिसऱ्या कुंडीतून एक कोंब आला आणि पानाच्या आधी त्याला फूल आलं. पांढरी फडी, आत गळ्याशी जांभळी छटा, वाकून बोळाच्या तोंडाकडे बघणारी. ह्यांनी नोकरीला आहेत त्या कॉलेजातून कॅमेरा मागून आणला. माथुर आंटी पदर सावरून नमस्कार करून गेल्या, त्यांना नाग वाटला. मी प्राध्यापकांना बोलावून आणायला निघाले होते, तुम्ही थांबवलंत. गवताची काडी घेऊन फुलाच्या नळीत हलकेच घातलीत, काढलीत, बोटावर पिवळसर पीठ बघितलंत आणि म्हणालात, "बाप्या हाय."

म्हणजे नर. मग तुम्ही मला जे सांगितलंत त्यावर मी मोठ्याने हसले. तुम्ही म्हणालात, कांदा पोरवयात बाप्या असतो. खाऊन-पिऊन जाड झाला की त्याची बाई होते, मग फळ धरतं. फळ धरून थकली की पुन्हा बाप्या. मी म्हटलं, आबा, हे रानातल्या गप्पांत ठीक आहे. शास्त्रात असं नसतं. तुम्ही उपरण्याने तोंड पुसलंत.

आता ऐका. पुढच्याच आठवड्यात मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले होते. एका जाड पुस्तकात ते शब्दशः लिहिलेलं होतं. लहान कंद नर, मोठा कंद मादी, आणि दमला की परत नर. मी ते पान दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं आणि घरी येऊन तुम्हाला काहीच बोलले नाही. मेथीनंतर पुन्हा एकदा हरायची माझी तयारी नव्हती. वर्षभर ते माझ्या पोटात राहिलं. रोज वाटायचं, आज सांगू. मग तुमच्या छातीत कळा यायला लागल्या आणि सांगण्यासारख्या गोष्टी बदलल्या.

त्या फुलाजवळ बसूनच तुम्ही तो पाहुण्याचा नियम सांगितला होतात. मी म्हटलं, घ्या, फुललं की नाही जयपुरात? जिंकलात. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. "फुलाचं काय, पाव्हणा बी हसतो. बी धरलं तर ते हितलं. तवर पाव्हणंच." मग म्हणालात, "मी बी तसाच." तुमची ट्रंक तेव्हासुद्धा खाटेखाली भरलेली असायची. रेशनकार्डावरचं नाव तुम्ही गावाहून इकडे आणू दिलं नाहीत. मी दर वर्षी फॉर्म आणायची, तुम्ही दर वर्षी चष्मा शोधायचा.

तुम्ही मे महिन्यात गेलात. कांदे निजलेले होते. विलास भाऊजी गावाहून तिसऱ्या दिवशी पोहोचले, इतका लांबचा प्रवास. बापाचं तोंड त्यांना बघायला मिळालं नाही. तेराव्यानंतर अस्थींचा एक कलश घेऊन ते निघणार होते, गावच्या नदीत सोडायला. निघायच्या सकाळी कापडी पिशवी घेऊन बोळात आले.

"वैनी, कांदं बी काढून द्या. आबांच्या संगं जाऊ द्यात. तिथलं हाय, तिथं जाईल."

"भाऊजी, ते तिथलं नाही. इथे उगवलंय ते."

"बी तिथलंच की. बी तिथलं म्हंजी समदं तिथलंच."

"मग मिनूही तिथलीच. तिलाही घेऊन जाता का?"

मिनू दारातच उभी होती. ती घाबरून म्हणाली, "आई, मी क्यों जाऊ? मतलब, माझी शाळा आहे ना."

भाऊजींचा चेहरा उतरला. हे तेवढ्यात कलश घेऊन आले. सगळं ऐकून घेऊन हे अगदी हताशपणे म्हणाले, "आबा सांगून गेले टाकून द्या. विलास म्हणतो गावी नेतो. तू म्हणतेस इथेच राहू दे. ऐकायचं तरी कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

तेरा दिवसांत हे पहिल्यांदा हसले. भाऊजी हसले नाहीत. रिक्षात बसताना त्यांचे डोळे भरून आले होते. "एक तरी द्यायचा वैनी," एवढंच बोलले. आबा, त्यांचं चुकलं नव्हतं. पाच वर्षं बाप माझ्याकडे होता. त्यांच्याकडे काय होतं, पोस्टकार्डं. पण कोरड्यात उपटलेला कांदा तीन दिवस पिशवीत हिंदकळत गेला असता आणि तिकडे कुठल्या तरी बांधावर पडला असता. मला ते नको होतं. त्याहून खरं सांगते, तुम्ही सगळेच्या सगळे जावं हे मला नको होतं. कलश नेला तेवढं पुरे.

या वर्षी जयपुरात पाऊस नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. नळाला सकाळी अर्धा तास पाणी, तेही करंगळीएवढं. तुम्ही असता तर पूर्वेचा वारा कधी सुटतो याची वाट पाहत ओट्यावर बसला असता. मी पाहिली आठ दिवस. मग म्हटलं, आभाळाची परवानगी कशाला हवी? तांदूळ धुतलेलं पाणी, मिनूच्या आंघोळीचं साबण न लावलेलं पाणी, सगळं झारीत भरून मी जूनच्या मध्यावर कुंड्यांत घालायला सुरुवात केली. माथुर आंटी म्हणाल्या, "भाभीजी, पीने को पानी नहीं और आप गमलों में?" मी म्हटलं, माझ्या वाटणीचं घालते. ताट्या दिवसातून तीनदा भिजवल्या. रोज सकाळी वाळूत गुडघे टेकून बघायचे. चूक झाली असेल, अवेळी उठवून मी त्यांना मारलं असेल, या भीतीने मला पंधरा दिवस घास गोड लागला नाही.

जुलै लागला आणि पाचव्या कुंडीत कोंब आला. चार दिवसांनी तिसऱ्या कुंडीत, गेल्या वर्षीच्याच जागी, चांगला अंगठ्याएवढा जाड. दोन्हींना फुलं. पाचवीत काडी घातली, पीठ आलं. बाप्या. तिसरीत काडी घातली, ती स्वच्छ बाहेर आली. शाळेतलं ब्लेड आणून मी त्या पांढऱ्या नळीला तळाशी उभी चीर दिली. पाच वर्षांत आलेल्या फुलाला कोणी ब्लेड लावत नाही, मी लावलं. आत दांड्याभोवती हिरवे दाणे होते, दाटीने बसलेले, मोहरीएवढे.

बाई होती, आबा. तुमचं खरं होतं. गेल्या वर्षीच खरं होतं आणि मला ते माहीत होतं.

रानात हे काम एक बारीक चिलट करतं, हे मी त्याच जाड पुस्तकात वाचलं होतं. आमच्या बोळात डास सोडून काही येत नाही. मी मिनूचा चित्रकलेचा ब्रश घेतला, पाचव्या कुंडीतलं पीठ त्याच्या टोकावर घेतलं आणि तिसऱ्या कुंडीतल्या एकेका दाण्याला लावलं. मिनू दिवा धरून बसली होती आणि म्हणत होती, "आई, धीरे कर ना, धीरे." तीन दिवस सकाळी हेच. त्या तीन दिवसांत मला तुमची इतकी आठवण आली की ब्रश खाली ठेवून मी दोनदा तिथेच बसून रडले. वाकायला तुम्ही हवे होता. मला ओरडायला तुम्ही हवे होता. काडी कशी धरायची हे सांगून माझ्या हातातून ती काढून घ्यायला तुम्ही हवे होता.

फडी सुकून गळून पडली. मी कोणाला काही बोलले नाही, ह्यांनाही नाही. आज सकाळी मात्र शंका उरली नाही. दाणे ज्वारीएवढे झालेत, हिरवेगार, एकमेकांना रेटणारे. न धरलेले दाणे असे फुगत नाहीत, एवढं वनस्पतिशास्त्र मलाही येतं.

विलास भाऊजींना आताच पत्र टाकलं. लिहिलं, की ऑक्टोबरात कणीस लाल झालं की अर्धं तुमच्याकडे पाठवते. गर धुवायच्या आधी हाताला खोबरेल लावा. पान सुकलं तर मेलं समजू नका. आणि बी जयपूरचं आहे, तिकडे पाहुणं म्हणून येतंय, तेव्हा नीट वागवा.

बी धरलं तर ते इथलं, हे तुमच्याच तोंडचे शब्द आहेत, माझे नाहीत. तेव्हा ते आता इथलं आहे. आणि ज्याने पोत्याने माती आणून ते इथे रुजवलं, तो या घरात पाहुणा होता असं मी कोणाला म्हणू देणार नाही. आबा, तुम्हालाही नाही.